उंचीप्रमाणे रांग

भिवाजी नागवेकरांना शाळेत कोणी भिवाजी म्हणत नसे आणि नागवेकरही क्वचितच. ते पीटीचे सर. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या त्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं काढली. गणिताच्या सरांना लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करत, इंग्रजीच्या बाईंच्या दारात शिकवणीसाठी चपलांचा ढीग पडे, आणि पीटीच्या सरांना बाजारात कोणी भेटलं तर विचारे, "काय ओ सर, उद्या सुट्टी हाय काय?" त्यांच्याकडून लोकांना एवढीच माहिती हवी असे.

माणूस मुळात असा नव्हता. भाट्याच्या वाळूत कबड्डी खेळत वाढलेला, जिल्ह्याच्या संघातून दोनदा खेळून आलेला. वडील होडीवर होते. पोराने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली तेव्हा त्यांना एवढंच कळलं की उड्या मारायलाही सरकार पगार देतं, आणि ते ही गोष्ट धक्क्यावर सगळ्यांना हसत सांगत. भिवाजीला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने स्वतः ब्रश घेतला आणि सामानाच्या खोलीच्या मैदानाकडच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने उंचीची पट्टी काढली, शंभर सेंटिमीटरपासून एकशे नव्वदपर्यंत. दरवर्षी जुलैत एकेक वर्ग तिथे येई. टाचा भिंतीला, मान सरळ, डोक्यावर लाकडी फूटपट्टी. मग वजनकाटा. मग उजेडात नेऊन पापणी खाली ओढून डोळे बघायचे, नखं बघायची, आणि सगळं हेल्थ कार्डावर लिहायचं. एका मुलाचं वजन दोन वर्षं जागचं हललं नाही म्हणून त्याने त्याच्या बापाला शाळेत बोलावून दवाखान्यात पिटाळलं होतं. जंत निघाले, औषध दिलं, पोरगा सुधारला. म्हणजे ते आकडे कशासाठी असतात हे नागवेकर सरांना ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्यांना ते शाळेतल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

पण शाळा माणसाला हळूहळू तिला हवं तसं करून घेते. वेळापत्रकात पीटीचे तास छापलेले असत. आधी ते नोव्हेंबरनंतर गणिताला जात, मग दिवाळीआधीच जाऊ लागले, मग जुलैपासून. त्या बदल्यात सरांना इतर कामं मिळाली. मंडप बांधून घ्या, पाहुण्यांसाठी नारळ आणा, झेंड्याची दोरी तपासा, ताप आलेल्या पोराला घरी सोडा, स्नेहसंमेलनात मागच्या बाकांवर शिट्ट्या मारणाऱ्यांना आवरा. वह्या तपासायच्या नसल्यामुळे ते रिकामेच असतात, असा स्टाफरूमचा पक्का समज होता. सुरुवातीला ते भांडले. मग कुरकुर केली. मग एका वर्षी त्यांच्या लक्षात आलं की आपण कुरकुरही करत नाही, आणि त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा सगळ्या भिंती रंगवल्या. सर तेव्हा मुलांना घेऊन स्पर्धेला चिपळूणला गेले होते. परत येऊन बघतात तर लाल पट्टी गेलेली, आणि तिच्या जागी निळ्या अक्षरांत आरोग्याचं महत्त्व सांगणारं एक सुवचन. त्याखाली देणगीदाराचं नाव.

वजनकाटा लॉकडाऊननंतर मेला. दीड वर्ष बंद खोलीत खाऱ्या हवेत पडून तो पार गंजला होता. शाळा सुरू झाली त्या वर्षी सरांनी तो तेल घालून कसाबसा चालवला आणि शिंप्याच्या टेपने उंची घेतली. पुढच्या जुलैत काट्याचा काटाच हलेना. त्यांनी नवीन काट्याची मागणी केली. हेडसरांनी अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाले, तूर्त भरून टाका, तपासणी आहे.

भरून टाका म्हणजे काय, ते सांगावं लागलं नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर सर स्टाफरूममध्ये कार्डांचा गठ्ठा घेऊन बसले. मागच्या वर्षीची उंची अधिक चार, मागच्या वर्षीचं वजन अधिक तीन. अशा वयात पोरं साधारण एवढीच वाढतात. सगळ्यांना सारखंच वाढवलं तर नक्कल केल्यासारखं दिसेल म्हणून त्यांनी त्यात थोडं पदरचं मीठ घातलं. कोणाला साडेतीन, कोणाला पाच. तीनशे कार्डं दोन तासांत झाली. चहा पिता पिता इतिहासाचे सर म्हणाले, वा, तुम्ही तर पोरांना बसल्या जागी वाढवलंत. सगळे हसले आणि नागवेकर सरही हसले. पुढच्या वर्षी तसंच झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही. नवीन काट्याचा अर्ज कुठल्या फायलीत गेला हे तोवर त्यांनी विचारणंही सोडलं होतं.

एक काम मात्र त्यांच्याकडून कोणी काढून घेतलं नव्हतं. सकाळची प्रार्थना. मैदानावर प्रत्येक वर्ग उंचीप्रमाणे रांगेत उभा राहायचा, बुटकी पुढे, उंच मागे, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. दर जूनमध्ये सर स्वतः रांगा लावत. खांद्याला धरून एकीला मागे, एकीला पुढे. त्यासाठी त्यांना टेप लागत नसे, त्यांची नजर तयार होती. बत्तीस वर्षांत रांग लावण्यात त्यांची चूक झाली असं कोणी म्हणू शकलं नाही.

सानवी डोर्लेकर सहावीत आली तेव्हा मुलींच्या रांगेत नवव्या जागी होती. सातवीत सरांनी तिला सहाव्या जागी आणलं. आठवीत तिसरी. नववीत पहिली. तिच्यापुढे मग फक्त मैदान होतं.

हे त्यांच्या हातून झालं. दरवर्षी तिच्या खांद्याला धरून त्यांनीच तिला पुढे आणलं, आणि जुलैत त्याच हाताने तिच्या कार्डावर चार सेंटिमीटर वाढवले. सकाळचा हात आणि दुपारचा हात यांची कधी गाठ पडली नाही.

पोरगी हसरी होती. आई मनिषा मच्छीबाजारात बसायची, बाप मोठ्या बोटीवर खलाशी, महिन्यातून चार दिवस घरी. सानवी सारखं पाणी प्यायची आणि कवायतीत दोनदा तरी बाहेर जायला मागायची. सरांना वाटे, टाळाटाळ करते. एकदा त्यांनी तिला त्याबद्दल मैदानाची फेरी मारायला लावली होती. ती फेरी तिने चालत पूर्ण केली, मध्ये दोनदा थांबून. दमलीस काय, असं त्यांनी ओरडून विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली.

डिसेंबरात शाळेचा क्रीडामहोत्सव होता. संचलनात रांगेतली पहिली म्हणून नववीची पाटी सानवीच्या हातात होती. पाहुण्यांच्या समोर येईपर्यंत ती चालली. मग पाटी नीट खाली ठेवली, कोणाच्या पायात येऊ नये अशी बाजूला सरकवली, आणि खाली बसली. मागची मुलगी तिला अडखळली. सर धावत गेले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी सवयीने तिची पापणी ओढून बघितली. कितीतरी वर्षांनी त्यांनी कोणाची पापणी बघितली असेल. आत लाल असं काही नव्हतंच.

आजारी पोरांना नेणं हे त्यांचंच काम, त्यामुळे दवाखान्यातही तेच गेले. मनिषा बाजारातून तशीच आली, हाताला मासळीचा वास, पदर खोचलेला. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, नखं बघितली, आणि आईला विचारलं, ही वयाच्या मानाने फारच लहान दिसते, उंची वाढायची कधीपासून थांबली?

मनिषा गोंधळली. म्हणाली, थांबली नाय काय, शाळेत दरवर्षी मोजतात, वाढते म्हणून लिहून येतं. आणि तिने मोठ्या विश्वासाने सरांकडे बघितलं.

इथे नागवेकर सरांनी जे केलं ते आठवलं की पुढे त्यांना जेवण जात नसे. त्यांनी शाळेत केतनला फोन केला. केतन म्हणजे शाळेचा क्लार्क. त्याला म्हणाले, नववीतल्या डोर्लेकरच्या कार्डाचा फोटो काढून लगेच पाठव, डॉक्टरांना हवाय. हे बोलताना आपण काही मदत करतोय असंच त्यांना वाटत होतं. तीन वर्षं आपल्याच हाताने लिहिलेले आकडे आपलेच आहेत हे ते त्या क्षणी साफ विसरले होते. कार्ड म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अजून ती लाल पट्टीच येत होती.

फोटो आला. डॉक्टरांनी बघितला. सहावीत एकशे तेहतीस. सातवीत एकशे सदतीस, आठवीत एकशे एक्केचाळीस, नववीत एकशे पंचेचाळीस. मग त्यांनी सानवीला आधार देऊन उठवलं आणि भिंतीशी उभं केलं. टाचा भिंतीला, मान सरळ. एकशे पस्तीस.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग मोबाइल सरांसमोर धरला.

"वजन उतरतं, सर. उंची कशी उतरेल?"

सर म्हणाले, "टेप जुनी होती आमची."

 डॉक्टरांनी फोटोवरून केसपेपरवर लिहिलेला एकशे पंचेचाळीस खोडला आणि रक्ताच्या तपासण्या लिहायला घेतल्या. मनिषा एकदा भिंतीकडे आणि एकदा मोबाइलकडे बघत होती. 

दुसऱ्या दिवशी कळलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली आहेत. कोल्हापूरला न्या, म्हणून चिठ्ठी दिली. जन्मापासूनचा काहीतरी दोष असावा आणि तो वर्षानुवर्षं आतून पोखरत असावा, असं डॉक्टरांनी आईला समजावलं. याला दुखणं नसतं, ताप नसतो. पोर पाणी फार पितं, दमतं आणि वाढायचं थांबतं, एवढंच दिसतं. सातवीत वाढ थांबली हे कोणाच्या लक्षात आलं असतं तर साध्या लघवीच्या आणि रक्ताच्या तपासणीत कळलं असतं. औषधांवर बरीच वर्षं निघाली असती. आता यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि नवीन मूत्रपिंडाची वाट बघायची. सर दाराजवळ उभे होते. शाळेतर्फे विचारपूस करायला म्हणून आले होते आणि हातात केळी होती.

त्यानंतर ते हेडसरांकडे गेले आणि म्हणाले, मला लिहून द्यायचंय. हेडसरांनी दार लावलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना शाळा चालवायची होती. त्यांनी समजावलं की कार्डं एकट्या सानवीची नाहीत, तीनशे आहेत, आणि प्रत्येकावर हेडमास्तर म्हणून त्यांचीही सही आहे. मे महिन्यात तुम्ही सुटाल, पण शाळा इथेच राहणार आहे. आणि लिहून देऊन त्या पोरीचं काय बरं होणार? या शेवटच्या प्रश्नाला सरांकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी लिहून दिलं नाही. खरं सांगायचं तर उत्तर नव्हतं याचं त्यांना थोडं बरंही वाटलं, आणि पुढे त्यांना स्वतःची सगळ्यात जास्त किळस आली ती या बरं वाटण्याची.

जानेवारीच्या शेवटी मनिषा बाजारात परत बसायला लागली. सानवी कोल्हापूरहून आली होती आणि आता रत्नागिरीतच आठवड्यातून तीनदा यंत्रावर जात होती. एका सकाळी सर बाजारात गेले. गिऱ्हाइकं होती म्हणून बाजूला थांबले. मनिषा वाटे लावत होती, बांगड्यांचे, मांदेलीचे. एकीने सुरमई उचलली तेव्हा मनिषाने ती हातात घेऊन नुसती जोखली आणि सव्वा किलो भरेल म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकाचा विश्वास बसेना म्हणून काट्यावर ठेवली. सव्वाच भरली.

गर्दी सरल्यावर सर पुढे झाले. उभ्यानेच, कसलीही प्रस्तावना न करता, त्यांनी सांगून टाकलं. टेप जुनी नव्हती. टेप लावलीच नव्हती. आकडे मी मनाने लिहिले, स्टाफरूममध्ये बसून, तीन वर्षं. त्यांना वाटलं होतं ती ओरडेल. आजूबाजूच्या बायका जमतील, अंगावर येतील. ते त्याची तयारी करूनच आले होते, किंबहुना त्यासाठीच आले होते.

मनिषाने हात फडक्याला पुसले.

"त्या दिवशीच कळला मला, सर. तिला भितीला लावलान तवाच." थोडा वेळ ती मासळीवर पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "मासा हातात घेतला की किती भरेल ता मी सांगतंय. आनि माज्या पोरीला रोज अंघोळ घातली, केस इंचरले, कवा उचलून नाय बघितली. का, तर शाळेत मोजतात. तुमच्या कागदावर इस्वास ठेवलाव आमी."

सर म्हणाले, मी हेडसरांना, संस्थेच्या अध्यक्षांना, कोणालाही लिहून द्यायला तयार आहे.

"लिवायचा ता तुमी लिवलात, सर," मनिषा म्हणाली. "आता नको."

आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्यानंतर नागवेकर सरांना चळ लागला, असं स्टाफरूममध्ये बोललं जाऊ लागलं. फेब्रुवारीत रोज सकाळी प्रार्थनेनंतर ते एकेक वर्ग घेऊन धक्क्यावर जात. तिथे मासळीचे क्रेट तोलायचा मोठा काटा होता. धक्क्यावरची माणसं ओळखीची, त्यांनी हरकत घेतली नाही. काटा धुवून त्यावर फळी टाकायची आणि एकेका पोराला चढवायचं. पोरांना मजा वाटे. टोपल्या वाहणाऱ्या बायका हसत विचारत, सर, ह्यो बांगडा काय भाव? सर हसत नसत. टेप नवीन आणली होती आणि धक्क्याच्या खांबावर ते उंची घेत. गणिताच्या सरांनी तास बुडतो म्हणून तक्रार केली, तेव्हा नागवेकर सर बऱ्याच वर्षांनी चढ्या आवाजात बोलले. ते काय बोलले ते स्टाफरूममध्ये नंतर कोणी उच्चारलं नाही. पंचवीस दिवसांत तीनशे चार मुलं मोजून झाली. त्यांतल्या दोघांचे आकडे त्यांना खटकले; त्यांच्या घरी ते स्वतः गेले आणि घरची माणसं पोराला घेऊन दवाखान्यात निघेपर्यंत हलले नाहीत.

मग ते मापांची वही घेऊन केतनकडे गेले, कारण आता कार्डं संस्थेच्या कॉम्प्युटरवर भरायची होती. जुने आकडे त्याने आधीच चढवून ठेवले होते. केतनने पहिल्या मुलाची खरी उंची टाकली. पडद्यावर लाल अक्षरं आली, की उंची मागील नोंदीपेक्षा कमी असू शकत नाही. दुसऱ्याची टाकली, पुन्हा लाल. पंधराएक नावं अशी अडकली. ही पोरं खोट्या उंचीपेक्षा बुटकी निघत होती आणि कॉम्प्युटरला पोरं आखूड होणं मान्य नव्हतं. सर म्हणाले, मग मागचं खोडून टाक. केतन म्हणाला, मागचं बंद झालंय, त्याला हात लावता येत नाही. तो बिचारा तासभर खटपट करत होता. शेवटी म्हणाला, बघतो, संस्थेला विचारतो. वही त्याने ड्रॉवरमध्ये ठेवली.

मे महिन्यात मैदानावर निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि काचेच्या चौकटीत मानपत्र. अध्यक्ष म्हणाले की नागवेकर सरांनी हजारो मुलांच्या आरोग्याचा पाया घातला. टाळ्या झाल्या. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ते उभे राहिले, निळ्या अक्षरांतल्या त्या सुवचनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, मी मोजायला हवं होतं. लोकांना वाटलं, मिळालेलं प्रेम मोजायला हवं होतं असं काहीतरी म्हणायचं असेल. हेडसरांनी लगेच आभार मानायला घेतले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका कागदावर सही राहिली म्हणून ते शाळेत गेले. बाहेर प्रार्थना चालली होती. रांगा वाकड्या होत्या, कोणीतरी कुठेतरी उभं होतं. नवीन पीटी शिक्षकाची जागा भरली गेली नव्हती आणि भरली जाण्याची चिन्हंही नव्हती. केतन कॉम्प्युटरवर नवीन वर्षाची कार्डं भरत होता. सरांना बघून तो जरा चपापला आणि म्हणाला, हेडसरांनी सांगितलंय, तपासणी आहे.

सरांनी खुर्ची ओढली आणि पडद्याकडे बघत बसले. केतन एकेक नाव उघडत होता आणि भराभर आकडे टाकत होता. मागचे अधिक चार, मागचे अधिक तीन. कुठेही लाल अक्षरं येत नव्हती. दहावीचा वर्ग आला. डोर्लेकर सानवी. पटावर नाव होतं, पण यंत्रावर जावं लागत असल्यामुळे शाळा उघडल्यापासून ती एकदाही आलेली नव्हती. केतनची बोटं थांबली नाहीत. उंची एकशे एकोणपन्नास, वजन एकोणचाळीस, प्रकृती उत्तम.

"केतन," सर म्हणाले.

केतनने मान वर केली नाही. "तुमचीच पद्धत हाय, सर," तो म्हणाला, आणि त्याने पुढचं नाव उघडलं.